अल्गॉन्क्विन नेमके कोण? लोक, भाषा आणि उसन्या नावाचा पसारा

प्रश्न थोडक्यात असा: एका मराठी लेखात अल्गॉन्क्विन ही कॅनडातली एक जमात आहे, दुसऱ्या लेखात तेच तीसेक भाषांचं कुल आहे, आणि तिसऱ्यात न्यूयॉर्कमधलं हॉटेल. मग खरं काय, या लोकांची भाषा कशी आहे, आणि मराठीत लिहिताना कुठं कोणतं नाव वापरावं?

तिन्ही लेख आपापल्या जागी बरोबर असू शकतात. घोटाळा होतो तो एकातलं वाक्य उचलून दुसऱ्यात टाकलं की. म्हणून आधी तीन पातळ्या वेगळ्या करू. अल्गॉन्क्विन म्हणजे ओटावा नदीच्या खोऱ्यातले लोक आणि त्यांची बोली. अल्गॉन्कियन म्हणजे त्या बोलीला पोटात घेणारं भाषाकुल, अटलांटिक किनाऱ्यापासून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं. आणि अल्जिक म्हणजे त्याहून मोठं कुल, ज्यात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या युरोक आणि वियोट या दोन भाषाही येतात. इंग्रजीत पहिल्या दोन शब्दांत फरक फक्त शेवटच्या ‘इन’ आणि ‘इअन’चा आहे, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांनी तोही पाळलेला नाही. भाषांतरकाराची फसगत बहुतेक वेळा इथंच होते.

यावर सोपी चाचणी आहे: मजकुरात भूगोल कोणता आहे ते बघा. ओटावा नदी, क्वेबेकचा पश्चिम भाग, पूर्व ऑन्टॅरिओ असेल तर अल्गॉन्क्विन लोक. व्हर्जिनियाचा किनारा, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन किंवा मोंटानाची गवताळ माळरानं असतील तर लेखकाला कुल अभिप्रेत आहे, त्यानं लिहिलेलं काहीही असो. ‘पोकाहॉन्टस अल्गॉन्क्विन होती’ हे वाक्य या चाचणीत लगेच पडतं. ती व्हर्जिनियातल्या पाउहॅटन लोकांतली. तिची भाषा अल्गॉन्कियन कुलातली होती, पण तिला अल्गॉन्क्विन म्हणणं म्हणजे काश्मिरी माणसाची भाषा इंडो-आर्यन म्हणून त्याला मराठी म्हणण्यासारखं आहे.

आता खुद्द लोक. आज अल्गॉन्क्विन म्हणून मान्यता असलेले दहा समाज साधारणपणे मोजले जातात. नऊ क्वेबेकमध्ये: किटिगान झिबी, बॅरिअर लेक, लाक सिमॉन, किचिसाकिक, पिकोगान इथले अबिटिबिविनी, विनवेचे लाँग पॉइंट, टेमिस्कॅमिंग, केबाओवेक आणि वुल्फ लेक. ऑन्टॅरिओत एकच, गोल्डन लेकच्या काठचा पिक्वाकानगान. कायद्याच्या भाषेत हे ‘फर्स्ट नेशन’ आहेत आणि मराठीतही तोच शब्द ठेवावा. ‘रेड इंडियन’ बाद समजा. ‘मूलनिवासी’ हा शब्द आपल्याकडं वेगळ्या राजकीय अर्थानं रुळला आहे, त्यामुळं वाचकाच्या मनात भलतंच काहीतरी उभं राहतं. ‘आदिवासी’ चालेल, पण एकदा तरी ‘फर्स्ट नेशन’ लिहून मग.

ते स्वतःला अल्गॉन्क्विन म्हणत नव्हते. त्यांचं स्वतःचं नाव अनिशिनाबे, अनेकवचन अनिशिनाबेग. हे नाव ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी हे शेजारीही स्वतःसाठी वापरतात. फक्त या खोऱ्यातल्या लोकांपुरतं बोलायचं तर ओमामिविनिनी. ओटावा नदी त्यांच्या दृष्टीनं किची सीबी, म्हणजे ‘मोठी नदी’. ओटावा हे नाव ओडावा या वेगळ्या समाजावरून नदीला चिकटलं आणि नदीवरून १८५५ मध्ये शहराला. म्हणजे अल्गॉन्क्विनांची नदी दुसऱ्यांच्या नावानं ओळखली जाते आणि अल्गॉन्क्विनांचं नाव भलत्याच डोंगरांना आणि हॉटेलांना मिळालेलं आहे.

हे नाव कागदावर आलं १६०३ मध्ये. फ्रेंच दर्यावर्दी सॅम्युएल द शाम्प्लेन सेंट लॉरेन्स नदीवरच्या टाडुसाकला उतरला तेव्हा तिथं माँतान्ये, एचेमँ आणि ‘अल्गुमेकँ’ अशा तीन मित्रसमाजांचा विजयोत्सव चालू होता. दक्षिणेकडच्या इरोक्वाँ या शत्रुसमाजांवर त्यांनी मात केली होती. शाम्प्लेननं ऐकलेला शब्द बहुधा शेजाऱ्यांनी वापरलेला होता. व्युत्पत्तीचे दोन तर्क आहेत. अभ्यासक आज ज्याला जास्त वजन देतात तो मालिसीट भाषेतल्या ‘ते आमचे नातलग, आमचे साथी’ अशा अर्थाच्या शब्दाचा. दुसरा जुना तर्क मिकमॉक भाषेतला, ‘भाल्यानं मासे मारण्याची जागा’. लेखात एकच अर्थ ठोकून देऊ नये. निदान ‘असा तर्क आहे’ एवढं तरी लिहावं.

१६१३ मध्ये शाम्प्लेन ओटावा नदीतून वर गेला. ॲल्युमेट बेटाच्या परिसरात तेस्सुआट या म्होरक्याचे किचेसिपिरिनी लोक, अल्गॉन्क्विनांतलाच एक गट, नाका धरून बसले होते. वर हुरॉन लोकांकडून येणारी फर आणि खालून जाणारा फ्रेंच माल यांच्या बरोबर मधे. जाणाऱ्या-येणाऱ्या होड्यांकडून ते जकात घेत. फ्रेंचांनी थेट वर जाऊ नये हेच त्यांच्या फायद्याचं होतं, आणि तेस्सुआटनं शाम्प्लेनला तिथूनच परत पाठवलं. पुढं १७व्या शतकाच्या मध्यात इरोक्वाँशी झालेल्या लढायांत आणि साथींत ही सत्ता मोडली. लोक पांगले, काही फ्रेंच मिशनांच्या आसऱ्याला गेले, आणि १९व्या शतकात किटिगान झिबी आणि पिक्वाकानगान इथल्या राखीव जमिनी ठरल्या.

‘किचेसिपिरिनी’ हे नाव नीट बघा, त्यात भाषेचा इतिहास बसला आहे. किची म्हणजे मोठी, सिपि म्हणजे नदी, इरिनी म्हणजे माणसं. आज माणसाला ‘इनिनी’ म्हणतात. १७व्या शतकातल्या फ्रेंच नोंदींत जिथं ‘र’ आहे तिथं आज ‘न’ आहे. पुढं या भाषेत ‘र’ उरलाच नाही, आणि म्हणून मिशनऱ्यांची ‘मारी’ (येशूची आई मेरी) त्यांच्या तोंडी ‘मानी’ झाली. किटिगान झिबीला लागून असलेल्या गावाचं नाव मानिवाकी, म्हणजे ‘मारीची भूमी’. अकी म्हणजे जमीन.

भाषेकडं वळू. अल्गॉन्क्विन ही ओजिब्वेची बोली की वेगळी भाषा, हा वाद कोकणीसारखाच आहे आणि त्यात शिरण्यात फार अर्थ नाही. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिला ‘एएलक्यू’ हा स्वतंत्र संकेत आहे, संबंध कुलाचा संकेत ‘एएलजी’. डेटा गोळा करताना हे दोन एकमेकांच्या जागी पडतात. शेवटचं एक अक्षर चुकलं की दोन-चार हजार लोकांच्या भाषेच्या रकान्यात आख्खं कुल येऊन बसतं.

मराठी माणसाला या व्याकरणातली एक गोष्ट शिकवावीच लागत नाही. इंग्रजी किंवा फ्रेंच बोलणारा विद्यार्थी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतल्या फरकाशी महिनाभर झगडतो. इथं नीनविंद म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. कीनविंद म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासकट. इंग्रजीवरून भाषांतर करताना मूळ वाक्य अल्गॉन्क्विन असेल तर नुसतं ‘आम्ही’ लिहून मोकळं होऊ नका. प्रार्थनेत, करारात किंवा भाषणात ‘आपली भूमी’ म्हटलंय की ‘आमची भूमी’ म्हटलंय यानं अर्थ उलटा होऊ शकतो, आणि इंग्रजी मजकुरातून तो कळत नाही.

दुसरी गोष्ट लिंगाची. इथं पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग आहेत. पण यावरून ‘हे लोक दगडालाही जिवंत मानतात’ अशी वाक्यं लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. ओजिब्वेमधलं नेहमीचं उदाहरण: रासबेरी सजीव वर्गात, स्ट्रॉबेरी निर्जीव वर्गात. दगड सजीव, चिलीम सजीव. श्रद्धेनं काही शब्दांचं स्पष्टीकरण मिळतं, सगळ्यांचं नाही. मराठीत दगड तो, वीट ती आणि लाकूड ते का, याचं उत्तर जेवढं मिळतं तेवढंच इथंही. वर्ग मात्र चुकवता येत नाही, कारण अनेकवचन आणि क्रियापद दोन्ही त्यावर ठरतात. सजीवाचं अनेकवचन ‘ग’कारान्त, निर्जीवाचं ‘न’कारान्त. मक्व म्हणजे अस्वल, अस्वलं मक्वग. ‘मी त्याला पाहतो’ सजीवासाठी निवाबमा. तेच निर्जीव वस्तूसाठी निवाबंदान. धातूचाच तुकडा बदलतो.

आता मुख्य अडचण, जिथं स्वतः शिकणारे अडकतात. कोण कुणाला पाहतं हे शब्दक्रमानं किंवा ‘ला’सारख्या प्रत्ययानं सांगितलं जात नाही. ते क्रियापदाच्या शेपटीत असतं. हे चार शब्द शेजारी ठेवा:

निवाबमा, मी त्याला पाहतो.
निवाबमिग, तो मला पाहतो.
किवाबम, तू मला पाहतोस.
किवाबमिन, मी तुला पाहतो.

पहिल्या जोडीत ‘नि’ दोन्हीकडं आहे, कर्ता कुणीही असो. म्हणजे ‘नि’चा अर्थ ‘मी करतो’ असा घेतला तर दुसरा शब्द उलटा वाचला जातो. ‘नि’ फक्त एवढंच सांगतं की या घटनेत मी आहे. दिशा सांगायचं काम शेवटचं ‘आ’ किंवा ‘इग’ करतं. दुसऱ्या जोडीत तू आणि मी दोघंही आहोत, तरी पुढं ‘कि’च लागतं, कारण उपसर्गाच्या रांगेत ‘तू’चा मान ‘मी’च्या आधी. हा क्रम ठरलेला आहे: तू, मग मी, मग तो. घोकायचं असेल तर सुटे शब्द न घोकता अशा जोड्या घोकाव्यात. सुटे घोकले की निवाबमिगला हमखास ‘मी पाहतो’ असं भाषांतर होतं.

तिघं-चौघं ‘तो’ एकत्र आले तरी सोय आहे. मराठीत ‘रमेशनं सुरेशला सांगितलं की त्याचा भाऊ आला’ म्हटलं की कुणाचा भाऊ ते विचारावं लागतं. या भाषांत गोष्टीतला मुख्य ‘तो’ एकच असतो आणि बाकीच्या सजीवांना वेगळी खूण लागते. ‘माणूस अस्वलाला पाहतो’ या वाक्यात माणूस इनिनीच राहतो, अस्वल मात्र मक्वचं मक्वन होतं. पुढच्या वाक्यात तो म्हणजे कोण हा प्रश्न उरत नाही. लोककथा भाषांतरित करताना ही खूण इंग्रजीत हरवते, त्यामुळं इंग्रजी प्रतीत कोण कुणाला खातं हे धूसर दिसलं तर मूळ शब्द गाठावा.

लेखनपद्धती दोन चालतात आणि देवनागरीत नावं लिहिताना त्याचा थेट फटका बसतो. १९व्या शतकात मॉन्ट्रियलजवळच्या ओका इथं काम करणारा सुल्पिशियन या कॅथलिक संघाचा पाद्री झाँ-आंद्रे क्युओक यानं कोश आणि व्याकरण छापलं. त्याच्या पद्धतीत रोमन ‘सी’ म्हणजे ‘श’ आणि ‘टीसी’ म्हणजे ‘च’. उत्तरेकडच्या अनेक समाजांत आजही तीच पद्धत आहे. किटिगान झिबीत मात्र इंग्रजी वळणाचं लेखन. त्यामुळं ‘अनिसिनाबे’ किंवा ‘किटसिसाकिक’ असं मराठीत दिसलं की समजावं, लिहिणाऱ्यानं अक्षरं वाचली, शब्द ऐकला नाही. बरोबर रूपं अनिशिनाबे आणि किचिसाकिक.

रोमन अक्षरावर डावीकडून तिरकी रेघ असेल तर तो स्वर दीर्घ. देवनागरीला हे सोपं आहे, ऱ्हस्व-दीर्घ आपल्याकडं आधीच आहे: अमिक म्हणजे बीव्हर, मीग्वेच म्हणजे आभार. रेघ नसलेला रोमन ‘ए’ म्हणजे आपला साधा ‘अ’, म्हणून अस्वल मक्व, माक्वा नव्हे. अडचण एकच: मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घच लिहितात. निबी (पाणी) मधला शेवटचा स्वर खरोखर दीर्घ आहे, इनिनीमधला ऱ्हस्व, आणि आपण दोन्ही सारखेच लिहितो. साध्या लेखात चालतं. भाषेवरच लेख असेल तर नियम मोडून ‘इनिनि’ लिहावं आणि तसं एकदा सांगावं.

बॅरिअर लेक, किचिसाकिक, लाक सिमॉन या उत्तरेकडच्या समाजांत भाषेनं सर्वांत जास्त तग धरला. दक्षिणेत, विशेषतः पिक्वाकानगानला, ती वर्गात शिकवून परत आणावी लागते आहे. ‘अल्गॉन्क्विन भाषा नामशेष झाली’ असं सरसकट लिहिणं चूक. ती चूक बहुधा कुलातल्या किनारपट्टीच्या भाषांबद्दलची माहिती इकडं चिकटल्यानं होते. पाउहॅटनसारख्या भाषांचे बोलणारे खरोखर संपले.

कुलाबद्दल थोडक्यात, पण आपल्यासाठी रस असलेला एक धागा आहे. क्री, ओजिब्वे, मेनॉमिनी, शॉनी, ब्लॅकफूट, शायेन, अरापाहो, मिकमॉक, अबेनाकी या सगळ्या बहिणी आहेत हे दाखवणाऱ्यांत अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड अग्रभागी होता. क्रीच्या बोलींत ‘मी’ म्हणताना एका ठिकाणी निय, दुसरीकडं निन, तिसरीकडं निल, तर क्रीची जवळची भाषा अतिकामेक्व हिच्यात निर. असे नियमित बदल धरून मूळ भाषेचा ध्वनी बांधायचा ही त्याची रीत. १९२५ मध्ये ‘लाल’ या एका धातूच्या आधारावर त्यानं मूळ भाषेत एक वेगळं जोडाक्षर होतं असं मांडलं. १९२८ मध्ये मॅनिटोबातल्या एका क्री बोलीत त्या शब्दात खरोखर वेगळा उच्चार सापडल्याची नोंद त्यानं प्रसिद्ध केली. हाच माणूस पाणिनीचा अभ्यासक होता. अष्टाध्यायीला त्यानं मानवी बुद्धीच्या थोर स्मारकांत गणलं, आणि १९३९ मध्ये मेनॉमिनी भाषेचे नियम लिहिले ते एकामागून एक लागू होणाऱ्या सूत्रांच्या क्रमानं. संस्कृत व्याकरण शिकलेल्याला ते पान ओळखीचं वाटेल.

इंग्रजीतले मूस, स्कंक, रकून, मोकॅसिन, टोबॉगन, कॅरिबू, टोटेम, पेकान हे शब्द ‘अल्गॉन्क्विनमधून आले’ असं शब्दकोडी आणि प्रश्नमंजूषा सांगतात. आले ते कुलातून. रकून पाउहॅटनमधून, कॅरिबू आणि टोबॉगन मिकमॉककडून फ्रेंचमार्गे, टोटेम ओजिब्वेतून, पेकान इलिनॉय लोकांच्या भाषेतून. क्वेबेक हे नाव मात्र ‘नदी अरुंद होते ती जागा’ या अर्थानं अल्गॉन्क्विनचं म्हणून सांगतात, आणि तो शब्द कुलात इतरत्रही आहे. कॅनडा या कुलातला अजिबात नाही, तो इरोक्वाँ बाजूचा. ‘स्क्वॉ’ हा मॅसॅच्युसेट भाषेतल्या ‘स्त्री’ या साध्या शब्दातून आला, पण इंग्रजीत तो शिवी झाला. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सुमारे ६५० स्थळनावांतून तो काढला. मराठीत तो ‘स्त्री’ म्हणून सहज वापरू नये.

राहिला नावाचा पसारा. ऑन्टॅरिओतलं अल्गॉन्क्विन पार्क १८९३ चं, सुमारे ७,६५० चौरस किलोमीटर. नाव नुसतं शोभेचं नाही: त्यातला मोठा भाग अल्गॉन्क्विनांच्या जमीनदाव्यात येतो. तो दावा साधारण ३६,००० चौरस किलोमीटरचा, आणि ओटावातलं संसद भवनही त्यातच. ऑक्टोबर २०१६ मध्ये तत्त्वतः करार झाला, १,१७,५०० एकर आणि ३० कोटी डॉलरचा. तो अंतिम तह नव्हे, आणि बातमी लिहिताना ‘जमीन परत मिळाली’ असं लिहिणं चूक. क्वेबेकमधले काही समाज त्या वाटाघाटींवर आक्षेप घेत आले आहेत, कारण नदी ही प्रांताची सीमा झाली ती नंतर, त्यांच्यासाठी दोन्ही काठ एकच.

त्याच पार्कमध्ये ४६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. १९६७ मध्ये ती आणि ब्रिटिश कोलंबियातली पेंटिक्टनची दुर्बीण, तीनेक हजार किलोमीटर अंतरावरून, एकत्र जोडून निरीक्षण झालं. खगोलशास्त्राच्या मजकुरात ‘अल्गॉन्क्विन’ आलं तर ती ही. लांडग्यांच्या मजकुरात आलं तर ऑन्टॅरिओनं २०१६ पासून पूर्वेकडच्या लांडग्याला दिलेलं नाव. भूगर्भशास्त्राच्या जुन्या पुस्तकातलं ‘अल्गॉन्कियन’ म्हणजे खडकांचा प्राचीन काळ, आज वापरातून गेलेला, भाषेशी संबंध शून्य. कॅनडाच्या युद्धनौका दोन: एक १९४४ ची, नॉर्मंडीच्या चढाईत होती, दुसरी १९७३ ते २०१५. ओटावातलं अल्गॉन्क्विन कॉलेज १९६७ चं. आणि न्यूयॉर्कच्या ४४व्या रस्त्यावरचं हॉटेल १९०२ चं, जिथं १९१९ पासून लेखिका डोरोथी पार्कर आणि मंडळी दुपारच्या जेवणाला गोल टेबलाभोवती जमत. ‘अल्गॉन्क्विन राउंड टेबल’चं भाषांतर ‘अल्गॉन्क्विन जमातीची परिषद’ असं करू नये. ‘राउंड टेबल’ म्हणजे गोलमेज परिषद ही आपली सवय इथं नडते.

न्यूयॉर्क राज्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखराचं नाव अल्गॉन्क्विन पीक. ते ज्या डोंगररांगेत आहे ती ॲडिरॉन्डॅक, आणि हा शब्द इरोक्वाँपैकी मोहॉक लोकांच्या भाषेतला, ‘झाडं खाणारे’ अशा अर्थाचा. उपासमारीत साली खाऊन जगणाऱ्या शेजाऱ्यांना मोहॉक लोकांनी हिणवून दिलेला. ते शेजारी म्हणजे अल्गॉन्क्विन.